चौकटीतली टाचणी

"वरची खोली?"

रोज सकाळी जिन्याच्या पायथ्याशी हा आवाज उठायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, नळाला पाणी आलं असेल. मी बादली घेऊन धावत खाली आले, तर घरमालक मागे हात बांधून उभे. "बादली कशाला? 'हजर' म्हणायचं," एवढं बोलून ते आत गेले. बीडच्या एका कोचिंग क्लासात जीवशास्त्र शिकवायला मी नुकतीच आले होते. एकट्या मुलीला खोली मिळणं सोपं नव्हतं, त्यामुळे भाड्यावर रोजचा एक 'हजर' द्यायला माझी काही हरकत नव्हती.

घरमालक भूगोलाचे निवृत्त शिक्षक. गल्ली त्यांना समोर सर म्हणायची आणि पाठीमागे हजेरी मास्तर. त्याला कारण होतं. वर्गात मूल दिसलं नाही की बाकीचे शिक्षक शून्य मांडून मोकळे व्हायचे. सर तो चौकोन कोरा ठेवायचे. शाळा सुटली की सायकल काढायची, पोराच्या घरी जायचं, ते कुठे आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच शून्य. "गैरहजर माणूस कुठंतरी हजर असतोच," ते म्हणायचे. "ते कुठंतरी कळल्याशिवाय मी लेखणी टेकवत नाही." एक विद्यार्थी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला, तर दिवाळीच्या सुट्टीत सर एसट्या बदलत त्या कारखान्यावर पोचले, उसाच्या फडात त्याला शोधून काढलं, त्याच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि परत येऊन मागच्या तारखांची शून्यं मांडली. मुख्याध्यापक वैतागले. "अहो, एवढं गेलात तर पोराला परत तरी आणायचं!" सर म्हणाले, "ते माझ्या हातात नव्हतं. कुठे आहे हे कळून घेणं हातात होतं."

अशा माणसाशी रोजचं बोलणं म्हणजे डोक्याला ताप. प्लंबर "उद्या येतो" म्हणाला की हे विचारणार, "कुठल्या उद्या?" शेजारीण जाता जाता "सर, जेवण झालं का?" म्हणायची, तर हे तिला थांबवून सांगणार की भाजी-भाकरी झाली आहे, ताकभात राहिला आहे. काही माणसांना खोटं बोलता येत नाही. सरांना मोघमसुद्धा बोलता यायचं नाही.

बैठकीच्या भिंतीवर जगाचा एक मोठा नकाशा होता. शाळेने बाद केलेला, सरांनी घरी आणून लाकडी चौकट लावून घेतलेला. त्यावर टाचण्याच टाचण्या. प्रत्येक टाचणी म्हणजे एक विद्यार्थी, कुठे आहे याची खात्री पटलेला. पुणे तर दिसतच नव्हतं. दुबईत दोघे-तिघे, एक जण पार लडाखच्या टोकाला. आणि एक लाल टाचणी नकाशाच्या बाहेर, चौकटीच्या लाकडात टोचलेली.

"ही इथे का?" मी विचारलं.

"अजून जागा कळलेली नाही," सर म्हणाले.

ती टाचणी त्यांच्या थोरल्या काकांची होती. दुसरं महायुद्ध चालू असताना हे काका बापाशी भांडून आष्टी तालुक्यातल्या आपल्या गावातून पळाले. मिसरूडसुद्धा नीट फुटलं नव्हतं. मुंबईहून एकच पोस्टकार्ड आलं, नौदलात भरती झालो, लढाई संपली की येतो म्हणून. पोहायला शिकले होते ते गावच्या विहिरीत, त्याहून मोठं पाणी त्यांनी पाहिलेलं नव्हतं. लढाई संपली. काका आले नाहीत. सरांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

पळून जाण्याआधी काकांचं लग्न झालं होतं, मामाच्याच मुलीशी, सीना नदीच्या पलीकडच्या गावात. नवरी परकरातून लुगड्यात आलेली पोर. ती पोर म्हणजे स्वयंपाकघरात बसून लसूण सोलणारी म्हातारी काकी. सरांची आई लवकर गेली, त्यांना वाढवलं ते काकीनं. आई म्हणून त्यांना जो चेहरा आठवायचा तो काकीचा. स्वतःचं लग्न त्यांनी केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं, तर "राहून गेलं" म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं तेवढंच मोघम उत्तर.

काकीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू आणि हातात हिरव्या बांगड्या. शुक्रवारी मी जिना चढायला लागले की मला थांबवून हळदीकुंकू लावायची, "लग्न कदी करतीस पोरी?" विचारायची. गल्लीत कुणाची ओटी भरायची असो, मान पहिला काकीचा. त्या वयाची दुसरी सवाष्ण गल्लीत नव्हतीच. रोज सकाळी झाडलोट झाली की ती पदरानं नकाशाची चौकट पुसायची, लाल टाचणीवर बोट टेकवायची आणि विचारायची, "त्येंचं काई कळलं का रं?"

"अजून न्हाई काकी," सर म्हणायचे. काकीशी बोलताना त्यांची शाळेतली भाषा गळून पडायची.

"बरं," काकी म्हणायची आणि चहाला लागायची.

सुरुवातीला मलाही ते 'बरं' साधंच वाटलं. पुढे पुढे कान सरावला तसं लक्षात आलं, की हे 'बरं' म्हणताना म्हातारी रोखलेला श्वास सोडते. सरांच्या ते कधी ध्यानात आलं नाही. त्यांना वाटायचं, काकी निराश झाली. मग ते आणखी जोरानं शोधायला लागायचे.

आणि शोधायचे म्हणजे काय! निवृत्तीनंतर त्यांनी दुसरं कामच केलं नाही. मुंबई, दिल्ली, हैदराबाद, जिथे म्हणून जुने कागद असतील तिथे पत्रं पाठवली. जहाजांच्या रोजनिश्यांच्या नकला मागवल्या, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचल्या. कुठली बोट कुठल्या बंदरातून निघाली, कुठे कोळसा भरला, कुठे वादळात सापडली, सगळं तोंडपाठ. समुद्र मात्र स्वतः पाहिलेला नव्हता. एका विद्यार्थ्यानं मुंबईला बोलावलं, गाडी पाठवतो म्हणाला. सरांनी नकार दिला. "काकांचा पत्ता लागल्याशिवाय त्याच्यासमोर जाऊन काय उभा राहू?" समुद्राशी त्यांचं जणू बोलणं बंद होतं.

जे वाचायचे ते ऐकायला माणूस लागायचं. कोपऱ्यावर रशीदभाईंचा फळांचा गाडा होता, त्यांच्या वाट्याला हे ज्ञान यायचं. काका सुरुंग काढणाऱ्या बोटीवर असावेत असा सरांचा अंदाज होता. "तांदळातले खडे वेचतात ना रशीदभाई, तसे समुद्रातले सुरुंग वेचायचे."

रशीदभाई केळी झाकत म्हणाले, "आन येखांदा खडा दाताखाली आला तं?"

सर त्या दिवशी केळी न घेताच घरी आले.

एवढं शोधून काका सापडत नव्हते, कारण सरांनी पहिल्याच दिवशी एक चूक केली होती, आणि ती भूगोलाच्या शिक्षकानंच करावी अशी होती. तेव्हा आपला हा मुलूख निजामाचा. सीनेपलीकडचे नगरवाले याला मोगलाई म्हणायचे, आणि त्यांच्याकडे राज्य इंग्रजांचं. काका मोगलाईतले. तेव्हा त्याच नावाचा खलाशी कुठल्याही यादीत आला आणि पुढे इंग्रजी मुलखातला जिल्हा दिसला की सर त्यावर लाल रेघ मारायचे. राहिलेल्यांचा एकेक करून माग काढायचे. त्यात काका नव्हते.

एका रविवारी दुपारी सर वाटाणे सोलत होते आणि मी त्यांचे कागद चाळत बसले होते. युद्धात गेलेल्यांच्या नोंदी हल्ली फोनवरही बघता येतात. काही उद्योग नव्हता म्हणून मी सरांनी खोडलेली नावं एकेक करून त्यात घालून पाहत होते. एक नाव असं निघालं, की बापाचं नावही तेच. जिल्हा नगर. पुढे गाव दिलं होतं.

"सर, हे गाव कुठे येतं?" मी वाचून दाखवलं.

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते उठले आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. ते दार बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"काकीचं माहेर," ते हळू आवाजात म्हणाले.

मग सगळं सरळच होतं. बापाशी भांडून निघालेलं पोरगं भरतीच्या टेबलावर बापाचं गाव कशाला सांगेल? त्यानं आजोळ सांगितलं. तीच सासुरवाडी. शिवाय इंग्रजांच्या मुलखातली, म्हणजे प्रश्नही कमी. "जन्मभर पोरांना सीमा शिकवल्या," सर म्हणाले, "आणि पोरगं सीमा ओलांडून मामाकडे जाऊ शकतं, हे मला सुचू नये." नोंद दोन ओळींची होती. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडे बोट बुडाली. खलाशी समुद्रात बेपत्ता, मृत धरला.

दुसऱ्या कुणी इथे हात जोडले असते. सरांनी चौकोन कोराच ठेवला. "एकाच नावाची, एकाच बापाच्या नावाची दोन माणसं असू शकतात. कागद म्हणजे अर्धी हजेरी. जाऊन बघायला पाहिजे." पितृपक्ष चालू होता. पलीकडच्या मामांची, म्हणजे काकीच्या वडिलांची, तिथी जवळ आली होती, त्या दिवशी घरचे सगळे घरी सापडणार. पण काकीला काय सांगायचं? खोटं तर बोलायचं नव्हतं. मग सर मला म्हणाले, "बाई, तुम्हाला सीना नदी दाखवतो." आणि काकीला सांगितलं, की बाईंना सीना दाखवायला नेतोय. पुलावर आल्यावर त्यांनी खरोखरच भाड्याची गाडी थांबवली, मला खाली उतरवलं आणि म्हणाले, "बघा." मी बघितली. पाणी बेताचंच होतं. सांगितलेलं खरं करून झाल्यावर आम्ही पुढे गेलो.

काकीचा भाचा म्हणजे सरांच्याच वयाचा शेतकरी. त्यानं आम्हाला मोठ्या अगत्यानं बसवलं. ओसरीवर पितरांची पानं मांडली होती, त्याची बायको वाढत होती. सरांनी अजून विषय काढलेला नव्हता. ते नुसते बघत होते, आणि त्यांचं बघणं म्हणजे मोजणंच. सगळी पानं एका ओळीत, एक मात्र जरा बाजूला, उंबऱ्याकडे. त्या बाईनं रीतीप्रमाणे आधी मीठ वाढलं, मग लिंबू, मग चटणी. बाजूच्या पानावर आली तशी मिठाचं भांडं ठेवून तिनं एकदम लिंबूच वाढलं.

"वहिनी," सर म्हणाले, "त्या पानाला मीठ राहिलं."

"त्या पानाला मीठ न्हाई वाढत," ती कामाच्या नादात बोलून गेली. "खाऱ्या पान्यात गेले न्हवं का त्ये."

आणि मग तिनं जीभ चावली. भाचा खाली बघायला लागला. सर पानाकडे बघत राहिले. शेवटी भाच्यानंच सुरुवात केली.

"तार इथंच आलती सर. आमच्या आज्याच्या नावानं. आज्यानं शाळामास्तराकडून वाचून घेतली आन तसाच नदीवर गेला. तार पान्यात सोडली. घरी येऊन समद्यांना म्हनला, माजी लेक जित्ती हाय तवर ह्ये सीनेच्या पल्याड जायचं न्हाई. तिचं कुकू मी माज्या हातानं पुसनार न्हाई." त्यानं उंबऱ्याकडच्या पानाकडे बोट केलं. "तवापासून पान मांडतो आमी. आत्याला पितरात कदी बोलवत न्हाई, त्ये यासाठीच."

सर जेवले. पितरांचं जेवण टाकायचं नसतं. पण परतताना पुलावर त्यांनी पुन्हा गाडी थांबवली, आणि एवढ्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेव्हाच. "पोर होती ती. कळलं असतं तर रडली असती, हाल झाले असते, पण पुढे काहीतरी घडलं असतं. मामानं कुंकू राखलं आणि तिचा जन्म घालवला. बापाला हा अधिकार कुणी दिला?"

"मग सांगणार तुम्ही?"

"सांगावंच लागेल. ती रोज विचारते."

वाटेत ते ओठातल्या ओठात वाक्यं जुळवत होते. ते मला ऐकू येत होतं, आणि ती वाक्यं काकीच्या कानावर पडू नयेत असं मला फार वाटत होतं. पण मी कोण सांगणारी?

आम्ही घरी पोचलो तेव्हा काकी नकाशाजवळच होती. "कुटं गेलतास?"

"सीनेवर. मग तुज्या माहेरी."

"पितरात?" काकीचा हात चौकटीवर गेला. "पितरात तिकडं कुनी बोलवत न्हाई." मग तिनं रोजचंच विचारलं, पण सरांकडे न बघता. ती टाचणीकडे बघत होती आणि हातातल्या बांगड्या बारीक वाजत होत्या. "त्येंचं काई कळलं का रं?"

सरांनी तोंड उघडलं. त्यांना त्या बांगड्या ऐकू आल्या असाव्यात. सगळे कागद वाचलेल्या त्या माणसानं काकीचा चेहरा बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

"अजून न्हाई काकी."

"बरं," काकी म्हणाली. श्वास सोडला, पदरानं चौकट पुसली आणि चहा ठेवायला आत गेली. तिला मनातून ठाऊक होतं का, हे मला कधी कळलं नाही. सर मागच्या अंगणात जाऊन नळाखाली कितीतरी वेळ तोंड धूत होते. ते एरवी किती छळायचे, पण त्या दिवशी ते मला फार आवडले.

त्यानंतर काकी असेपर्यंत प्रश्न तोच आणि उत्तर तेच. टाचणी चौकटीतच राहिली. पुढे एका हिवाळ्यात काकी झोपेतच गेली. हिरवं लुगडं, भरलेली ओटी, मळवट. "अहेव गेली, भाग्याची," म्हणत गल्लीतल्या म्हाताऱ्या तिच्या पाया पडत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत थोडा हेवाही होता. पलीकडून भाचा आला होता. त्यानं सरांचा हात धरला तो सोडेचना. सर त्याच्यावर रागावलेले दिसले नाहीत.

मी मग बीड सोडलं, लग्न करून अंबाजोगाईला गेले. गेल्या वर्षी सरांचा फोन आला. "बाई, नवमीला जेवायला या. सवाष्ण लागते."

पितृपक्षातली अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईची आठवण त्या दिवशी करायची आणि तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं. ही नवमी नवरा हयात आहे तोवर करतात, नवरा गेला की थांबवतात. आमच्या घरी तरी तसंच आहे. मी गेले. घर तसंच होतं. स्वयंपाक सरांनी स्वतः केला होता आणि गवारीच्या भाजीचा वास जिन्यापर्यंत येत होता. नकाशावर काही टाचण्या वाढल्या होत्या. लाल टाचणी चौकटीच्या लाकडातच होती. मी सहज जवळ जाऊन पाहिलं, तर ब्रह्मदेशाच्या खाली, निळ्या रंगात, एक बारीक भोक होतं.

तेवढ्यात रशीदभाई केळीचं पान घेऊन आले. "सर, ह्ये आजचं. अमावस्येलाबी येकच ना, दरसालागत?"

"एकच," सर म्हणाले.

मला राहवलं नाही. त्यांचं 'कुठल्या उद्या?' मी फार सोसलं होतं. "सर, अमावस्येचं पान काकांचं ना?"

"हो. त्या दिवशी टाचणी समुद्रात लावतो. दुसऱ्या दिवशी परत चौकटीत."

"आणि आज नवमी. म्हणजे आज काका हयात. मग अमावस्येला नाहीत, आणि पुढच्या नवमीला पुन्हा हयात. दोन्ही खरं कसं असेल?"

"नसेल," सर म्हणाले. पूर्वी या एका शब्दासाठी त्यांनी मला तासभर उभं केलं असतं. "नवमी तिची आहे. तिच्या दिवशी तिचं चालायचं. बसा आता."

मी पाटावर बसले. काकीच्या नावाचं पान मीच जेवायचं होतं. सरांनी मला हळदीकुंकवाचा करंडा दिला, मी माझं मी लावून घेतलं. मग त्यांनी आधी मीठ वाढलं, चांगलं चिमूटभर, मग लिंबू, मग चटणी. सगळं वाढून झाल्यावर ते खिरीचं भांडं घेऊन पानासमोर उभे राहिले आणि वर्गात नाव पुकारावं तसं म्हणाले, "काकी?"

म्हणाले ते पानाकडे बघून, माझ्याकडे नाही. आणि उत्तराची वाट बघत थांबले, पळी तशीच हातात.

"हजर," मी म्हणाले.

सरांनी मान हलवली आणि खीर वाढली.